चोरखिसा परदेशी जातो

मी एक जुना चोरखिसा आहे, मित्रांनो. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा. जन्मभर मी चोरांपासून वस्तू राखल्या आणि नावात मात्र चोर घेऊन फिरलो, याचं मलाही नवल वाटतं. शर्टाच्या छातीवर मिरवणाऱ्या खिशाला पेन मिळतं, रुमाल मिळतो, वर सगळं जग बघायला मिळतं. मी कपड्यांच्या आत, कमरेला नाडीने बांधला जातो. त्यामुळे मी जग पाहिलं ते फार थोडं. ऐकलं आणि चाचपलं ते पुष्कळ. हात मात्र मला चांगले ओळखता येतात. कोणाची बोटं घाईची, कोणाची भित्री, कोणाची मायेची, हे मला स्पर्शातच कळतं.

माझा जन्म कोराडीचा. वीज केंद्राच्या वसाहतीत यमुताई नावाच्या बाई शिवणकाम करायच्या. सकाळी दोरीवर टाकलेल्या चादरीवर दुपारपर्यंत राखेचा पातळ थर बसायचा, म्हणून त्यांचं मशीन कायम एका जुन्या साडीखाली झाकलेलं असे. एक दिवस शेजारच्या पुष्पलताबाई गादीच्या खोळीतून उरलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घेऊन त्यांच्याकडे आल्या.

"याचं काय शिवू वं?" यमुताईंनी विचारलं.

"चोरखिसा शिवून दे. सावनेरले लग्नाले जायचं आहे. बसमध्ये लई गर्दी राहते, सोन्याची पोत कुठी ठेवू सांग?"

यमुताईंनी दुहेरी कापड घेतलं, कडेने दोनदा शिलाई मारली, तोंडाला बटण लावलं आणि कमरेभोवती जाईल अशी लांब नाडी ओवली. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सुई टोचून टोचून टणक झाली होती. तो माझ्या आयुष्यातला पहिला स्पर्श, त्यामुळे तो माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे. शिवून झाल्यावर त्यांनी मला पुष्पलताबाईंच्या कमरेला बांधलं आणि बजावलं, "गाठ मागं, डाव्या कुशीवर. अन् चार लोकाइत याच्यात हात घालायचा नाही. आडोसा पाह्यचा, मंगच काढायचं."

पुष्पलताबाईंनी हे बोलणं आयुष्यभर पाळलं. लग्नघरी पोत काढायची असो की बाजारात नोट, त्या आधी आडोसा शोधत. आडोसा नसेल तर एखादी ओळखीची बाई पदर धरून उभी राही. मी त्यांच्याबरोबर सावनेरला गेलो, सीताबर्डीच्या बाजारात घुसमटलो, मयुराच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेची फी शाळेपर्यंत नेऊन पोचवली. एकदा तर दवाखान्यात तीन दिवस त्यांच्या कमरेवरून उतरलो नाही. "हे माहं लॉकर आहे," असं त्या मैत्रिणींना सांगत आणि मी आतल्या आत फुगून जाई.

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस कायम टिकत नाहीत. पुष्पलताबाईंचे यजमान निवृत्त झाले, वसाहतीतलं घर सुटलं आणि बिऱ्हाड मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलं. नागपुरात तोवर भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेऊ लागला होता. मग माझं काय काम? मला घडी घालून कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली ठेवून दिलं. डांबरगोळ्यांच्या वासात मी किती वर्षं काढली ते नेमकं सांगता येणार नाही. बाहेर काय चाललं असेल, एवढाच विचार मी करायचो. कपाटाचं दार उघडलं की कान टवकारायचो आणि बंद झालं की पुन्हा विचार करत बसायचो.

याच काळात त्या घरात मोठी उलथापालथ झाली, ती मी दाराच्या फटीतून ऐकली. मयुरा लंडनला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. मध्ये दहा दिवसांसाठी येऊन लग्न करून गेली. आणि चौथ्या वर्षी एका रविवारी फोनवरून बातमी आली, की तिला बाळ होणार आहे. पुष्पलताबाई त्या दिवशी खूप रडल्या आणि खूप हसल्या.

आता यजमानांची ओळख करून देतो, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळं दुःख त्यांच्यापाशीच आहे. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी वीज केंद्राच्या फाटकावर सुरक्षा विभागात काढली. गळ्यात ओळखपत्र नसेल तर ते साहेबालाही आत सोडत नसत आणि ओळखपत्र असेल तर अनोळखी माणसालाही सलाम ठोकत. निवृत्तीनंतर त्यांना फसवणुकीचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. कुठल्या देशात कोण कसं लुबाडतं, हे त्यांना तोंडपाठ झालं. इमारतीत कोणाचं काही गेलं की भैयाजी सर्वांत आधी हजर होत आणि म्हणत, "म्या सांगतलं होतं ना." दर रविवारी फोनवर मयुरालाही तेच धडे देत. ती निमूट ऐके आणि "हो बाबा" म्हणे.

तर बाळाच्या बातमीनंतर दोघांनी ठरवलं, लंडनला जायचं. जातच आहोत तर युरोपही पाहून घेऊ, म्हणून नागपूरच्या एका यात्रा कंपनीच्या गटात नाव घातलं. नऊ दिवसांची सहल पॅरिसला संपणार होती. गट तिथून घरी परतणार आणि हे दोघं रेल्वेने लेकीकडे जाणार. मयुराला सातवा महिना लागलेला असणार होता.

त्या सहलीसाठी कपाट उघडलं, स्वेटर बाजूला झाले आणि ओळखीची बोटं माझ्यापर्यंत आली. मला धुवून उन्हात वाळवलं गेलं, नवी नाडी ओवली गेली. मग माझ्यात गुळगुळीत पुठ्ठ्याच्या दोन छोट्या वह्या येऊन बसल्या. पासपोर्ट! इतकी पातळ वस्तू आणि तिचा एवढा धाक, हे काही मला समजेना. नुसते शिक्के मारायची वही माणसाला देशाबाहेर नेते आणि परत आणते, म्हणजे तिच्यात असतं तरी काय?

भैयाजींना मात्र मी मुळीच पसंत नव्हतो. त्यांनी स्वतःसाठी पैसे ठेवायचा चेनवाला पट्टा आणला होता.

"काहून वं, त्या मळक्या पिशवीत पासपोर्ट ठेवून राहिली? माह्या पट्ट्यात दे न."

"तुमचा पट्टा आख्ख्या दुनियेले दिसते," पुष्पलताबाई म्हणाल्या. "हा कोणालेच दिसत नाही."

झालंही तसंच. तिसऱ्याच दिवशी पट्ट्याने भैयाजींच्या कमरेला घामोळं उठलं आणि पट्टा बॅगेत जाऊन पडला. त्यांचं पाकीट पँटच्या मागच्या खिशात गेलं, पासपोर्ट माझ्याकडे राहिले. गटाबरोबर रीना नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, कंपनीची. ती रोज सकाळी बसमध्ये सगळ्यांना बजावायची आणि पुष्पलताबाईंना तर वेगळं सांगायची, "काकू, बाकीच्यांचे पासपोर्ट हरवले तर लोकं उशिरा घरी जातील. तुमचा हरवला तर लंडनचा व्हिसाही त्याच्यातच गेला. मग पुन्हा सगळं करेपर्यंत तुमचं नातवंड जन्माले येऊन जाईल." हे ऐकलं की पुष्पलताबाईंचा हात कपड्यावरून माझ्यावर यायचा. चार वर्षांत लेकीला त्यांनी दहा दिवस पाहिलं होतं. बाळंतपणाला आपण तिच्याजवळ असावं, एवढी एकच इच्छा घेऊन त्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या, आणि ती इच्छा आता माझ्या एका बटणावर येऊन थांबली होती. एवढं ओझं माझ्यावर सावनेरच्या पोतीनेसुद्धा टाकलं नव्हतं.

पॅरिसमध्ये एक टेकडी आहे. तिच्यावर पांढरंशुभ्र चर्च आहे म्हणतात. मी कुडत्याच्या आत होतो, त्यामुळे रंगाचं मला विचारू नका. वर जायला पायऱ्या होत्या. चढताना पुष्पलताबाईंचा श्वास मला नीट ऐकू येत होता. आमच्या गटात सावनेरच्या तिघी जावा होत्या, तिघीही कुठे जायचं तर एकत्र जायच्या. त्यांतली थोरली म्हणाली, "मले तर रामटेक चढल्यावानी वाटून राहिलं." आणि खरं सांगू का, तिथेच सगळं बिघडलं. टेकडी, पायऱ्या, वर देवाचं ठिकाण, खाली फुगेवाले आणि खेळणीवाले. नागपूरच्या माणसाचं मन अशा जागी आपोआप हात जोडतं. आणि अशा जागी एक माणूस दोरे घेऊन उभा असतोच.

तो तिथेही होता. "इंडिया? नमस्ते, नमस्ते. मम्मी, पप्पा, गुडलक. फॅमिली गुडलक." आवाज मोठा हसतमुख होता.

भैयाजींनी ही फसवणूक व्हिडिओत पाहिली होती. मनगटाला बळेच रंगीत पट्टी बांधतात आणि मग पैसे मागतात, हे त्यांनी घरी सोफ्यावर बसून दहा जणांना समजावून सांगितलं होतं. पण व्हिडिओतली माणसं परकी होती आणि पट्ट्याही परक्या होत्या. इथे लाल-पिवळा दोरा होता आणि देवाच्या पायऱ्या होत्या. पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं त्यावरून सांगतो, भैयाजींनी उजवा हात पुढे केला आणि डावा हात डोक्यावर ठेवला. कोराडीच्या देवीपुढे वर्षानुवर्षं ठेवत आले तसाच. पुष्पलताबाईंनी डावा हात पुढे केला, उजवा डोक्यावर ठेवला आणि दोघांनीही डोळे मिटले.

आता विचार करा मित्रांनो. एक हात बांधून घ्यायला पुढे, दुसरा डोक्यावर, आणि डोळे बंद. पाकीटमाराने देवाकडे मागणं मागितलं असतं तरी याहून जास्त काय मागितलं असतं?

पुष्पलताबाईंचा हात वर गेला तसा कुडताही वर सरकला. मला परदेशाचा वारा लागला, पहिल्यांदाच. मला तर क्षणभर बरं वाटलं. लगेच दोन बोटं माझ्या नाडीवर आली. गार, हलकी, अजिबात घाई नसलेली. डाव्या कुशीवरची गाठ त्यांनी एकदा दाबून पाहिली, एकदा ओढून पाहिली. मला धक्काच बसला, कारण त्या बोटांची टोकं टणक होती, सुई टोचून टोचून होतात तशी. अगदी यमुताईंच्या बोटांसारखी. ही बोटं बाईचीच होती. ती काय शिवत असेल? मुलांचे कपडे शिवत असेल की स्वतःसाठीच कुठेतरी चोरखिसा? मी नवल करत राहिलो आणि तेवढ्यात बोटं निघून गेली. यमुताईंनी शिकवलेली गाठ इतक्यात सुटणारी नव्हती.

दोरा बांधून झाला. पुष्पलताबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून दहा युरोची नोट काढली आणि वर एकाचं नाणं शोधू लागल्या, कारण दक्षिणा दहा कशी देणार, अकरा पाहिजे. तो माणूस हसायचा थांबला. अकरा नको, चाळीस पाहिजेत म्हणू लागला. आजूबाजूला आणखी दोघे येऊन उभे राहिले.

"अवं," भैयाजींचा आवाज एकदम खाली आला. "हे तर तेच आहे, व्हिडिओतलं."

इतक्यात एक बाई पुढे आली. तिचा आवाज खणखणीत होता आणि भाषा इंग्रजी. ती त्या माणसांवर ओरडली तशी ती माणसं जराशी मागे झाली. मग तिने गळ्यातलं ओळखपत्र भैयाजींपुढे धरलं आणि बराच वेळ बोलली. भैयाजींनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. एकतीस वर्षांची सवय जागी झाली. कार्ड आहे, कार्डावर फोटो आहे, मग माणूस खरा.

"पोलीस आहे म्हणते," ते बायकोला सांगू लागले. "हे लोकं बदमाश आहेत म्हणते. पासपोर्ट जागेवर आहे का, तपासून पाह्यते. दे वं तिले, काढ."

ती बाई आपुलकीने पुष्पलताबाईंच्या जवळ आली. तिने त्यांच्या कमरेवर हात ठेवला, जणू इथेच ना, असं विचारत होती. आणि मित्रांनो, मी ती बोटं ओळखली. तीच गार, टणक टोकांची बोटं. मला ओरडायचं होतं. पण खिशाला तोंड असलं तरी आवाज नसतो. मी नुसता घट्ट मिटून राहिलो. इतका असहाय मी कपाटातही नव्हतो.

"काढ न," भैयाजी पुन्हा म्हणाले. "पोलीस आहे थे."

"इथं कशी काढू?" पुष्पलताबाई म्हणाल्या. "एवढ्या माणसाइत? आडोसा पाह्यजे." मग त्यांनी वरच्या पायरीकडे हाक मारली, "मोठ्या बाई, जरा ओढण्या घेऊन या."

सावनेरच्या तिघी जावा लगेच खाली आल्या. काय, कशाला, असं एकीनेही विचारलं नाही. बाईने आडोसा मागितल्यावर कारण विचारायचं नसतं. तिघींनी ओढण्या उलगडल्या, टोकाला टोक धरलं आणि पुष्पलताबाईंभोवती गोल उभ्या राहिल्या. थोरलीने त्या पोलीसबाईचं मनगट धरून तिलाही आत ओढलं. "तुमी बी या. बाईच आहे न तुमी."

भैयाजी आणि ती तीन माणसं बाहेर राहिली. आत आम्ही. माझ्याभोवती कापडाच्या भिंती, खोबरेल तेलाचा वास आणि बायकांचे श्वास. पुष्पलताबाईंनी कुडत्याच्या आत हात घालून आधी पोटावरचं माझं बटण काढायला घेतलं, गाठीला अजून हात लावला नव्हता. पायऱ्या चढून घामाने बटणाचं काज आवळलं होतं, त्यामुळे वेळ लागू लागला. पोलीसबाईचे पाय एका जागी ठरेनात. शेवटी तिला धीर धरवला नाही. तिने स्वतःच हात घातला आणि नेमक्या डाव्या कुशीवर, कुडत्याच्या आतून, गाठीचं टोक पकडलं.

पुष्पलताबाई थांबल्या. त्यांनी तिचा हात वरच्यावर धरला.

"म्या तर अजून दाखवली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमाले कसं माहीत, गाठ कोण्या बाजूले आहे?"

प्रश्न मराठीत होता. त्या बाईला त्यातला एक शब्दही कळला नसेल, पण विचारणारीचे डोळे कळले असावेत. तिची बोटं माझ्या नाडीवर एकदम गळाठली. तिघी जावा एक पाऊल आत सरकल्या. थोरली म्हणाली, "चाला मंग, आपण समद्या ठाण्यातच जाऊ." त्यासरशी ती बाई खाली वाकली, ओढणीखालून निसटली आणि पायऱ्यांवरून तिच्या बुटांचा टपटप आवाज दूर जात राहिला. दोरेवालाही तोवर गायब झाला होता.

तेव्हा कुठे भैयाजींनी मागच्या खिशाला हात लावला. पाकीट नव्हतं.

रीना धावत आली. तिने सगळं ऐकून घेतलं, बँकेला फोन करून कार्ड बंद केलं आणि गटाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की रस्त्यात पोलीस म्हणून कोणी पासपोर्ट किंवा पैसे तपासायला मागितले तर म्हणायचं, ठाण्यात चला, तिथे दाखवतो. कोणी भैयाजींना हसलं नाही. पण भैयाजी त्यानंतर बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गट नदीतल्या बोटीवर गेला तेव्हा ते हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुष्पलताबाई त्यांच्याजवळ बसल्या.

लंडनच्या गाडीत बसल्यावर ते पहिल्यांदा बोलले. "म्याच तुले दे म्हटलं होतं."

"हो."

"तू दिला असता तर पोरीपाशी जाता आलं नसतं. माह्यामुळे."

"दिला नाही न," पुष्पलताबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "आपण मयुराले काही सांगायचं नाही. कशाले उगाच?" त्यांना नवऱ्याची इज्जत राखायची होती. लपवून ठेवणं हे माझंच काम, म्हणून मलाही ते पटलं. मित्रांनो, ती माझी चूक होती, हे मला लंडनला उतरताच कळलं.

स्टेशनवर मयुरा उभी होती. "प्रवास कसा झाला, बाबा?"

"मस्त," भैयाजी म्हणाले. चार पावलं चालले आणि त्यांनी बॅग खाली ठेवली. "मस्त नाही झाला. मी फसलो, बेटा. डोळे मिटून, डोक्यावर हात ठेवून फसलो. जगाले शिकवत होतो अन् स्वतः पाकीट देऊन आलो. तुह्या आईचा पासपोर्टही मी देऊनच राहिलो होतो." त्यांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.

मयुरा हसली नाही. मग तिचा आवाज आला तो लहान मुलीसारखा फुटलेला.

"बाबा, मी पण फसली होती. इथं आली त्याच महिन्यात. घराचे फोटो दाखवून एकानं खोलीचे पैसे घेतले आणि किल्ली दिलीच नाही. दोन आठवडे मी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात झोपली. तुम्हाले व्हिडिओ कॉलवर जी खोली दाखवली होती ना, ती तिची होती."

"काहून नाही सांगतलं?" भैयाजींनी विचारलं.

"तुमी म्हटलं असतं, म्या सांगतलं होतं ना."

भैयाजी मटकन बॅगेवरच बसले. आपल्या लेकीने परक्या देशात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रात्री काढल्या आणि तिला आपली चोराहून जास्त भीती वाटली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते म्हातारे गृहस्थ भर स्टेशनात रडले, आणि रडताना तिचा हात धरून म्हणाले, "चुकलो बेटा. आता नाही म्हणणार." मयुराने आईला मिठी मारली. मी दोघींच्या मधे दाबला गेलो. आणि काय सांगू, पलीकडून कोणीतरी मला एक लाथ मारली. लहानशी, पण चांगली जोरात. इतके हात ओळखणारा मी, तो पाय मात्र मला अगदी नवीन होता.

बाळंतपण नीट पार पडलं, पुष्पलताबाई लेकीजवळच होत्या, आणि आता मी मनीषनगरला परत आलो आहे. सावनेरची थोरली जाऊ पुढच्या महिन्यात पुन्हा कुठेसं चालली आहे आणि तिने मला उसना मागितला आहे. माझी शिलाई एका कडेला उसवली आहे, तेवढी कोणी घालून दिली तर बरं होईल. आम्हा जुन्या वस्तूंना धुवा, वाळवा, वर्षातून एकदा तरी कपाटाबाहेर काढा. अजून आमचा उपयोग आहे. परदेशी गेलात तर पैसे लपवा, पासपोर्ट लपवा, मी आहेच. पण फसलात तर ते लपवू नका. आणि तुमच्या घरी कोणी असं फसून आलं, मान खाली घालून दारात उभं राहिलं, तर त्याला एक शब्दही विचारण्याआधी आत घ्या आणि प्यायला पाणी द्या.